प्रोसेसर घेण्याआधी मदरबोर्डाचं नाव वाचा

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक जुना प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला: “नुसता प्रोसेसर बदलून भागेल, की सगळंच बदलावं लागेल?” नौपाड्यातल्या एखाद्या सीएच्या ऑफिसातलं टॅलीचं मशीन, वर्तकनगरच्या घरात मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला पीसी, ऐरोलीत घरून काम करणाऱ्याचा असेम्बल केलेला डबा. सगळी आठ-दहा वर्षांपूर्वीची. अजून चालतात, पण त्यांतल्या बऱ्याच मशीनना विंडोज ११ नाही म्हणतं. दुकानदाराचं उत्तर तयार असतं: “कॉम्बो घ्या, साहेब.” म्हणजे प्रोसेसर, बोर्ड (मदरबोर्ड, सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती पाटी) आणि रॅम, तिन्ही एकदम. कधी ते बरोबरही असतं. कधी मात्र फक्त प्रोसेसर बदलून काम होणार असतं आणि माणूस दुप्पट-तिप्पट पैसे देऊन घरी येतो.

कोणता प्रोसेसर घ्यायचा हे बाजारात सध्या काय गाजतंय त्यावर ठरवू नये. आज आपल्या कॅबिनेटमध्ये कोणता बोर्ड आणि कोणती रॅम आहे, यावर ते ठरतं. ही माहिती हातात असली की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

आधी घरात काय आहे ते बघा

विंडोजच्या सर्चमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. त्यात बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीत बोर्डाचं मॉडेल असतं आणि जवळच बायॉसचं (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या चिपमधल्या प्रोग्रॅमचं) व्हर्जन आणि तारीख असते. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर हेच जास्त नीट दाखवतं. त्याच्या मेमरीच्या पानावर रॅम डीडीआर ३ आहे, ४ आहे की ५, तेही कळतं. मशीन सुरूच होत नसेल तर कॅबिनेटची बाजू उघडा. मॉडेलचं नाव बोर्डावरच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. काही कंपन्यांच्या बोर्डावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत रिव्हिजन नंबरही असतो, तोही लिहून घ्या. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनना चालणारे प्रोसेसर वेगळे असू शकतात.

मशीन ब्रँडेड असेल, तर इथेच थोडं थांबा. महापे-ऐरोलीच्या ऑफिस पट्ट्यात वापरली जातात तशी छोटी काळी डेस्कटॉप मशीन रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात आणि रोजच्या वापराला चांगली असतात. पण त्यांचा बोर्ड बऱ्याचदा वेगळ्या मापाचा असतो, एसएमपीएसचे (सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्याचे) कनेक्टर नेहमीच्या २४ पिनांचे नसतात आणि बायॉस त्या मॉडेलबरोबर कंपनीने विकलेल्या प्रोसेसरपलीकडे फारसं काही ओळखत नाही. अशा मशीनमध्ये एसएसडी आणि रॅम वाढवावी. बोर्ड बदलायला गेलात तर कॅबिनेट आणि एसएमपीएसही बदलावा लागतो, मग जुनं असं उरतंच काय? उलट बाजूने एक धोका आहे. काही ब्रँडेड मशीनमधून काढलेले रायझन प्रो (इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीचे) प्रोसेसर त्या कंपनीच्या बोर्डांशी कायमचे बांधलेले असतात, दुसऱ्या बोर्डात ते सुरूच होत नाहीत. जुना रायझन प्रो स्वस्तात दिसला तर तो कुठून काढलाय ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सॉकेट जुळलं म्हणजे जमलं असं नाही

बोर्डावरच्या ज्या चौकोनात प्रोसेसर बसतो ते सॉकेट. इंटेल त्याला संपर्कबिंदूंच्या संख्येवरून नाव देते: एलजीए १७०० म्हणजे १७०० बिंदू. इंटेलची रीत अशी की प्रोसेसरच्या साधारण दोन जनरेशन, म्हणजे पिढ्या, झाल्या की सॉकेट बदलायचं. २०१३च्या चौथ्या जनरेशनला ११५०. सहावी आणि सातवी ११५१वर. दहावी-अकरावी १२००वर. बारावी, तेरावी आणि चौदावी १७००वर. इथे तीन जनरेशनना एकच सॉकेट मिळालं, हा अपवादच. ऑक्टोबर २०२४मध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिका आली ती १८५१ घेऊन.

आठवी-नववी मुद्दाम मागे ठेवली, कारण फसगत होते ती तिथेच. त्यांचंही सॉकेट एलजीए ११५१च. तेवढेच बिंदू, तोच आकार. सहाव्या जनरेशनच्या बोर्डात आठव्याचा प्रोसेसर हाताने अलगद बसतो, खटका लागतो, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच राहते. आतल्या काही बिंदूंचं काम, विशेषतः वीजपुरवठ्याचं, इंटेलने बदललं होतं. म्हणून जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत “११५१ सॉकेट, आय ५ आठवी जनरेशन” वाचून आनंदून जाऊ नका. बोर्डाच्या नावातला आकडा बघा. सहावी-सातवीसाठीच्या बोर्डांचा आकडा १ किंवा २ने सुरू होतो: एच ११०, बी १५०, बी २५०. आठवी-नववीच्या बोर्डांचा ३ने: एच ३१०, बी ३६०, बी ३६५.

आता यात विंडोज ११ आणा. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे साधे डेस्कटॉप प्रोसेसर आठव्या जनरेशनपासून सुरू होतात. म्हणजे तुमच्याकडे एच ११० बोर्डावर आय ५-६५०० असेल, तर त्या बोर्डावर घेता येईल असा सर्वांत वरचा नेहमीचा प्रोसेसर आय ७-७७००, आणि तोही यादीबाहेर. विंडोज ११साठी म्हणून जुना ७७०० शोधत फिरणं म्हणजे पैसे घालवून होतो तिथेच राहणं. या मशीनला खरंच नवा बोर्ड लागतो. उलट शेजाऱ्याकडे एच ३१०वर आय ३-८१०० असेल, तर त्याला विंडोज ११ चालतं. मेल, टॅली आणि ब्राउझरपुरतं काम असेल तर त्याने एसएसडी टाकावी, रॅम १६ जीबी करावी आणि प्रोसेसरचं नाव काढू नये.

जाता जाता नावाबद्दल एक. “आय ७ आहे” एवढ्याने काहीच कळत नाही. २०११चा आय ७-२६०० आणि २०२२चा आय ३-१२१००, दोघांनाही चारच कोअर आणि आठ थ्रेड. पण बाराव्या जनरेशनचा तो आय ३ जुन्या आय ७ला कितीतरी मागे टाकतो. ‘आय’नंतरचा अंक नव्हे, रेघेपुढची जनरेशन वाचायची: २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी.

सॉकेट बरोबर असलं तरी मध्ये चिपसेट उभा असतो, म्हणजे बोर्डावरची ती चिप जिच्यावरून बोर्डाला एच ११०, बी ३६० अशी नावं मिळतात. एलजीए १२००च्या वेळी हे अनेकांना कळलं. एच ४१० आणि बी ४६० चिपसेटच्या मूळ बोर्डांवर दहावी जनरेशन चालते, अकरावी नाही. सॉकेट तेच, पण बोर्ड नव्या जनरेशनला ओळखत नाही. त्याच काळातल्या एच ४७० आणि झेड ४९० बोर्डांवर मात्र बायॉस अपडेट करून अकरावी चालते.

चिपसेट काय काम करतो, हेही एकदा बघू. ग्राफिक कार्ड, रॅम आणि बहुतेक नव्या बोर्डांवर पहिली एम.२ एसएसडी (बोर्डावरच बसणारी पट्टीसारखी डिस्क) थेट प्रोसेसरला जोडलेली असते. बाकीचे यूएसबी पोर्ट, साटा डिस्क, लॅन आणि दुसरी एम.२ जागा आधी चिपसेटला जोडतात आणि तिथून एकाच वाटेने प्रोसेसरकडे जातात. माजिवड्याला जसं घोडबंदर रोडचं आणि हायवेचं ट्रॅफिक एका जागी येतं, तसंच. रोजच्या कामात हे जाणवतही नाही. चार एसएसडी लावून एकीतून दुसरीत मोठे व्हिडिओ हलवणाऱ्यालाच जाणवतं. म्हणून चिपसेट निवडताना “सगळ्यात वरचा” घेण्याची गरज नाही. इंटेलमध्ये झेडने सुरू होणारा चिपसेट घ्यायचं मुख्य कारण एकच, के अक्षराच्या प्रोसेसरचा वेग हाताने वाढवायचा असेल तर. तो वाढवायचा नसेल तर बी ७६०सारखा बोर्ड पुरतो. एच ६१०ला रॅमच्या दोनच जागा असतात, एवढं ध्यानात ठेवून साध्या कामाला तोही चालतो. एएमडीच्या बी आणि एक्स मालिकेच्या बोर्डांवर वेग वाढवता येतो, ए मालिकेच्या बोर्डांवर नाही.

एएम ४वाले नशीबवान, पण त्यांचंही गणित आहे

रायझन प्रोसेसर मार्च २०१७मध्ये आले ते एएम ४ सॉकेटवर. एएमडीने हे सॉकेट इतकी वर्षं चालवलं की २०२४मध्येसुद्धा त्याच्यासाठी नवे प्रोसेसर येत होते. म्हणून तुमच्याकडे २०१७-१८चा एएम ४ बोर्ड असेल, तर दुकानदाराच्या कॉम्बोला लगेच हो म्हणू नका. बी ३५०वर रायझन ३ १२०० असलेल्या मशीनला विंडोज ११ अधिकृतपणे नको म्हणतं. त्याच बोर्डावर, बोर्डाच्या कंपनीने तसा बायॉस दिला असेल तर, रायझन ५ ५६०० बसवता येतो आणि मशीन नवं होऊन जातं. ३०० मालिकेच्या बोर्डांना रायझन ५०००चा सपोर्ट एएमडीने २०२२मध्ये खुला केला. तोवर नाही म्हणत होते. पण शेवटी तो बायॉस द्यायचा की नाही हे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या हातात, त्यामुळे “बी ३५० आहे, चालेल” असं कोणी ठोकून सांगितलं तरी आपल्या मॉडेलचं पान बघायचंच.

आणि एएम ४मध्ये सगळं सगळ्याला चालतं हा गैरसमज आहे. नवा बोर्ड जुन्या प्रोसेसरला नको म्हणतो, असंही इथे होतं. बी ५५० बोर्डाच्या यादीत रायझन १००० आणि २००० मालिका नाही. नावात ३००० असलेले ३२००जी आणि ३४००जीसुद्धा नाहीत, कारण त्यांची आतली रचना आधीच्या पिढीची आहे. कोणाचा ३४००जी शिल्लक आहे म्हणून “आधी बोर्ड नवा घेऊ, प्रोसेसर नंतर बघू” असं ठरवलं आणि बी ५५० आणला, तर दोन्ही वस्तू चांगल्या असून मशीन चालणार नाही. त्याला बी ४५० हवा.

यामागचं कारण बायॉसच्या चिपमध्ये आहे. जुन्या बऱ्याच बोर्डांवर ही चिप १६ एमबीची. इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरची माहिती त्यात मावेना. म्हणून काही बायॉस अपडेट नव्या प्रोसेसरची ओळख घालताना जुन्यांची काढून टाकतात. अपडेट केल्यावर परत मागच्या व्हर्जनवर जाता येईलच असं नाही. कंपनीच्या डाउनलोड पानावर त्या व्हर्जनखाली हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचायला दोन मिनिटं लागतात.

रायझन ५०००मध्येसुद्धा सगळे सारखे नाहीत. ५५००, ५६००जी आणि ५७००जी पीसीआय एक्सप्रेसच्या (ग्राफिक कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या वाटेच्या) तिसऱ्या पिढीवर चालतात, ५६०० आणि ५७००एक्स चौथ्यावर. बी ३५० किंवा बी ४५० बोर्डावर काहीच फरक पडत नाही, कारण बोर्डच तिसऱ्यापर्यंतचा. बी ५५०वर वेगवान एसएसडी लावणार असाल तर पडतो.

एएम ५ सॉकेट सप्टेंबर २०२२मध्ये आलं. यात पिना प्रोसेसरऐवजी बोर्डावर आहेत आणि रॅम फक्त डीडीआर ५. २०२७पर्यंत आणि पुढेही या सॉकेटला सपोर्ट देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. आज सगळंच नवं घ्यायचं असेल आणि चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायची इच्छा असेल, तर माझं मत एएम ५च्या बाजूने. एलजीए १७००चं तसं नाही, त्याची शेवटची मोठी पिढी २०२३च्या चौदाव्या जनरेशनबरोबर आली. तो घ्यावा तो वेगळ्या कारणासाठी, ते पुढे सांगतो.

बायॉस आणि काळी स्क्रीन

बायॉस म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम. बटण दाबल्यावर सगळ्यात आधी तो उठतो, समोर कोणता प्रोसेसर आहे ते ओळखतो आणि मग विंडोजला बोलावतो. प्रोसेसर त्याच्या ओळखीचा नसेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र कोरी. लोक म्हणतात बोर्ड मेला. मेलेला नसतो.

अपग्रेड करणाऱ्याला इथे एक फायदा आहे आणि तो बहुतेक जण वापरत नाहीत. जुना प्रोसेसर अजून बोर्डात आहे, मशीन चालू आहे. मग प्रोसेसर काढण्याआधीच बायॉस अपडेट करून घ्या. कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या पानावरची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, पेन ड्राइव्ह एफएटी ३२मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या आणि बायॉसमधल्याच अपडेटच्या सोयीने ती चढवा. काही जुन्या बोर्डांना मधलं एखादं व्हर्जन आधी चढवावं लागतं, तेही पानावर लिहिलेलं असतं. हे चालू असताना लाइट गेली तर बोर्ड खरंच अडकू शकतो. पावसाळ्यात लाइट जायचा नेम नाही, तेव्हा यूपीएसवरच करा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मशीन घेऊन जा.

बोर्ड नवा घेत असाल तर उलटी अडचण येते: बायॉस अपडेट करायला प्रोसेसर लागतो आणि प्रोसेसर चालायला बायॉस. बऱ्याच बोर्डांवर मागच्या बाजूला एक छोटं बटण असतं, प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायॉस चढवायचं. बायॉस फ्लॅशबॅक, क्यू-फ्लॅश प्लस, फ्लॅश बायॉस बटण, कंपनीगणिक नाव वेगळं. स्वस्त बोर्डावर ते नसतं. एच ६१० किंवा बी ६६०वर चौदाव्या जनरेशनचा प्रोसेसर घेताना किंवा बी ६५०वर रायझन ९००० घेताना हा प्रश्न हमखास विचारायचा: “या बोर्डावर बायॉस कोणता आहे, आणि तुमच्याकडे अपडेट करून देता का?” नीट दुकानदार काउंटरवर करून देतो.

हे सगळं कुठे लिहिलेलं असतं? बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर, त्या मॉडेलच्या सपोर्टच्या पानावर, सीपीयू सपोर्ट लिस्ट या नावाने. तिथे प्रत्येक प्रोसेसरसमोर एक बायॉस व्हर्जन दिलेलं असतं, म्हणजे त्या व्हर्जनपासून पुढे तो चालतो. आपला प्रोसेसर यादीत शोधायचा, समोरचं व्हर्जन बघायचं, आपल्या बोर्डावरच्याशी ताडायचं. प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं पाहिजे. ५६०० आणि ५६००जी या दोन वेगळ्या ओळी आहेत. मित्राचं म्हणणं, व्हिडिओ, दुकानदाराचा अनुभव, या सगळ्याच्या वर ही यादी. माझ्यापुरतं तरी हेच प्रमाण.

तेराव्या-चौदाव्या जनरेशनसाठी ताजा बायॉस आणखी एका कारणाने लागतो. त्यातल्या काही प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे अस्थिर होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४पासून त्यावरचे दुरुस्तीचे अपडेट दिले आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे अपडेट प्रोसेसर बिघडण्याआधी उपयोगी, नंतर नाही. त्यामुळे या दोन जनरेशनचा सेकंडहँड आय ७ किंवा आय ९ मी तरी कोणाला घ्यायला सांगणार नाही.

रॅम: सध्याचा खरा खर्च

२०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढले. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की घरगुती रॅम महाग झाली. पूर्वी कॉम्बोत रॅम म्हणजे किरकोळ भाग, आता तिच्यावरच निर्णय फिरतो.

डीडीआर ४ आणि डीडीआर ५, दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. एकीच्या जागेत दुसरी बसत नाही, बसवू नये. बाराव्या ते चौदाव्या जनरेशनचे प्रोसेसर दोन्ही प्रकारची रॅम चालवू शकतात. कोणती चालेल ते बोर्ड ठरवतो. त्यामुळे एकाच बी ७६०चे डीडीआर ४चे बोर्ड वेगळे आणि डीडीआर ५चे वेगळे. नावं जवळपास सारखी असतात, शेवटी डी ४ असं काहीतरी जोडलेलं असतं किंवा नसतं. खोका हातात घेऊन वाचा.

तर एलजीए १७०० घ्यायचं वेगळं कारण हे. तुमच्या एच ११० मशीनमध्ये १६ जीबी डीडीआर ४ असेल तर ती काढून डीडीआर ४च्या बी ७६० किंवा एच ६१० बोर्डावर लावा, वर आय ५-१२४०० घ्या. नव्या रॅमचा खर्च शून्य. सहाव्या-सातव्या जनरेशनचे काही बोर्ड डीडीआर ३चे होते, म्हणून आधी सीपीयू-झेडमध्ये खात्री करा. एएम ५ किंवा एलजीए १८५१ला हा मार्ग नाही, तिथे डीडीआर ५च.

वीज, पंखा आणि चित्र

एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला लागतात साधारण एक-सव्वा व्होल्ट. मधलं काम बोर्डावरचं व्हीआरएम करतं. आय ५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट खातो, ते कोणताही ठीकठाक बोर्ड पेलतो. आय ७-१४७००के २५३ वॅटपर्यंत जातो. यादीत नाव आहे म्हणून तो स्वस्त एच ६१०वर बसवला तर सुरू होईल, पण खारघरच्या एखाद्या एडिटरने मे महिन्यात लग्नाचा व्हिडिओ रेंडर करायला लावला की व्हीआरएम तापतं आणि प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो. पैसे आय ७चे, काम त्याहून खालचं. व्हीआरएमवर धातूचा हीटसिंक नसलेल्या बोर्डावर ६५ वॅटचा म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरच्या (१२४०० त्यातलाच) वर जाऊ नये, हा माझा नियम.

एसएमपीएसमधून प्रोसेसरसाठी वेगळी वायर येते. जुन्या स्वस्त एसएमपीएसला तिथे चारच पिना असतात, नव्या बोर्डाला आठ हव्या असतात. तसं असेल तर बजेटमध्ये चांगला एसएमपीएस धरा. आठ पिनांची गरज अडॅप्टर लावून भागवू नका.

पंख्याची भोकं: एलजीए ११५०, ११५१ आणि १२०० यांत ७५ मिलिमीटर अंतर, १७००मध्ये ७८. जुना कूलर नव्या क्लिपशिवाय बसणार नाही. एएम ४चे बरेच कूलर एएम ५ला चालतात. कॅबिनेटचं म्हणाल, तर मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटरचा असतो आणि जवळजवळ सगळ्या साध्या कॅबिनेटमध्ये बसतो.

आणि मॉनिटरला चित्र देणार कोण? इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक नाही. एएम ४वर फक्त जी अक्षरवाल्यांत आहे, ५६००मध्ये नाही. एएम ५चे ७०००-९००० मालिकेतले बहुतेक प्रोसेसर कामापुरतं ग्राफिक घेऊन येतात, ७५००एफसारखे सोडून. जुन्या मशीनमध्ये ग्राफिक कार्ड नसेल आणि स्वस्त पडतो म्हणून १२४००एफ आणलात, तर मागच्या एचडीएमआयला वायर लावून काही दिसणार नाही.

कुठून घ्यावं

लॅमिंग्टन रोडला भाव बरे मिळतात, यात वाद नाही. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पुढे पायी. पण मी प्रोसेसर आणि बोर्ड यांत फरक करतो. सीलबंद प्रोसेसर सहसा खराब निघत नाही, तो स्वस्त मिळेल तिथून घ्यावा. कटकट होते ती बोर्डाची, म्हणून बोर्ड ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या अशा दुकानातून घ्यावा, जिथे परत जाता येतं आणि समोर जोडून चालू करून दाखवतात. चारशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी हरकत नाही.

“ट्रे वाला है, एक साल वॉरंटी दूंगा” असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ, प्रोसेसर खोक्याशिवाय सुटा आहे आणि वॉरंटी त्या दुकानदाराची, कंपनीची नाही. भाव खूपच कमी असेल आणि दुकान ओळखीचं असेल तरच. एच ६१, एच ८१ या जुन्या चिपसेटचे कोरे करकरीत बोर्ड आणि त्यावर वापरलेला आय ५ किंवा आय ७, असा कॉम्बोही ढिगाने विकला जातो. खोका नवा, आतलं सगळं २०११ ते २०१४च्या काळातलं. रॅम डीडीआर ३, विंडोज ११च्या यादीत नाव नाही. काउंटरवर नुसतं बिल छापायचं असेल तर ठीक, बाकी कोणी घेऊ नये.

इंटेलचा किंवा एएम ५चा बोर्ड घेताना सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण दुकानदारासमोर उचला आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पिना बघा. सगळ्या एका ओळीत चमकल्या पाहिजेत. वाकलेली पिन नंतर दाखवली तर सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारतं. ते झाकण फेकू नका, वॉरंटीला बोर्ड पाठवताना तेही मागतात. एएम ४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तिथली भीती वेगळी: कूलर सरळ वर ओढला की थर्मल पेस्टला चिकटलेला प्रोसेसरही उपटून येतो. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, मग उचला.

बोर्ड बदलणार असाल तर डिस्ककडे बघा

नुसता प्रोसेसर बदलताना विंडोज बहुधा तसंच चालतं. बोर्ड बदलला की तीन गोष्टी आड येतात. मशीनबरोबर आलेलं विंडोजचं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, ते नव्यावर येत नाही. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स असेल तर आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडून ठेवा. दुसरं, विंडोज जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर डिस्कवर टाकलेलं असेल तर विंडोज ११ला ते चालत नाही. विंडोजमधलंच एमबीआर टू जीपीटी हे साधन डिस्क न पुसता तिचं रूपांतर करतं, तरी आधी बॅकअप घ्या. तिसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर नवा बोर्ड दिसताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेव्ह असते. बोर्ड काढायच्या आदल्या दिवशी लॉगिन करून ती कागदावर उतरवून घ्या, कारण ती नसेल तर दुकानदारालाही ती डिस्क उघडता येणार नाही.